डोंगरी सायकल आणि तेलाचा ब्रेक

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानांत, सॅन फ्रान्सिस्को शहरापासून गोल्डन गेटचा प्रख्यात पूल ओलांडून उत्तरेस गेलें म्हणजे मॅरिन नांवाचा जिल्हा लागतो. या जिल्ह्यांत फेअरफॅक्स हें एक लहानसें गांव आहे. गांवाच्या पश्चिमेकडील डोंगरांतून, वणवा विझविणाऱ्या गाड्यांना जातां यावें म्हणून खोदलेला एक कच्चा रस्ता खालीं उतरतो. सुमारें दोन मैलांच्या अंतरांत हा रस्ता १३०० फूट उतरतो. वाटेंत आंधळीं वळणें, सुटे दगड आणि पावसाच्या पाण्यानें पडलेल्या घळी आहेत. या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं कांहीं तरुणांनीं सायकलींची पहिली शर्यत लावली. चार्ली केली हा तिचा संयोजक होता. आज जिला ‘माउंटन बाइक’ म्हणतात त्या डोंगरी सायकलीच्या इतिहासांत या शर्यतीला मोठा मान आहे.

शर्यतींत उतरलेल्या सायकली मात्र मुळींच मानाच्या नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें मुलांसाठीं बनविलेल्या, जाड टायरांच्या आणि जड सांगाड्याच्या त्या सायकली भंगारांतून आणि जुन्या दुकानांतून गोळा केलेल्या होत्या. त्यांतील बहुतेकींचा ब्रेक मागील चाकाच्या हबमध्येंच बसविलेला असे. पायडल उलट दिशेनें दाबलें कीं तो लागे. सपाट रस्त्यावर वर्तमानपत्रें टाकीत हिंडणाऱ्या मुलाला तो पुरेसा होता. या उतारावर मात्र तो हब असा कांहीं तापे कीं आंतील ग्रीस जळून जाई आणि पायथ्याशीं पोंचणाऱ्या सायकलीमागें धुराची शेपटी दिसे. पुढची फेरी करण्यापूर्वीं हब उघडून त्यांत नवें वंगण ठासून भरावें लागे. इंग्रजींत या क्रियेला ‘रिपॅक’ म्हणतात. शर्यतीला तेंच नांव पडलें, आणि रस्त्यालाहि.

हा धूर कोठून येतो याचा हिशेब शाळेंतील पदार्थविज्ञानानेंहि करतां येतो. सायकल आणि स्वार मिळून ९० किलोग्रॅम वजन धरलें व उतरण्याची उंची ४०० मीटर धरली, तर माथ्यापासून पायथ्यापर्यंत सुमारें साडेतीन लक्ष जूल इतकी शक्ति मोकळी होते. तेवढ्या उष्णतेनें एक लिटर थंड पाणी उकळीस येईल. तिच्यांतील कांहीं वांटा वारा आणि रस्ता उचलतात. उरलेला सर्व मुठीएवढ्या हबमध्यें कोंडला जातो. ब्रेक गति नाहींशी करतो असें बोलण्याची रीत आहे. वास्तविक तो गतीची उष्णता करतो. ती उष्णता ठेवावी कोठें, हाच ब्रेकच्या साऱ्या इतिहासांतील मुख्य प्रश्न आहे. रिपॅकच्या हबनें त्याचें उत्तर अगदीं वाईट दिलें. पण त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. आपण थकलों आहोंत हें तो धूर काढून साऱ्या जगाला सांगत असे.

उपाय लवकरच सुरू झाले. शर्यतींतील एक नामांकित स्वार गॅरी फिशर यानें आपल्या जुन्या सायकलीला ढोलाच्या आकाराचे मोठे ब्रेक व मोटारसायकलीच्या तरफा बसविल्या. जो ब्रीझ यानें १९७७ सालीं याच कामासाठीं सायकलीचा स्वतंत्र सांगाडा बनविला व त्यावर कॅन्टिलिव्हर जातीचे ब्रेक लावले. या जातींत तार ओढली कीं रबराचे दोन गुटके चाकाच्या रिमवर दोन्ही बाजूंनीं दाबले जातात. उष्णता आतां हबऐवजीं रिममध्यें जाऊं लागली. रिम मोठी आणि वाऱ्यांत फिरणारी असल्यामुळें ती लवकर निवते. पुढें १९९६ सालीं जपानच्या शिमानो कारखान्यानें लांब भुजांचा ‘व्ही-ब्रेक’ काढला. तो इतका जोरकस, हलका आणि स्वस्त होता कीं ब्रेकचा प्रश्न सुटला असें कित्येकांस वाटलें.

तो सुटला नव्हता. रिम हा चाकाचा भाग जमिनीच्या सर्वांत जवळ असतो. चिखल, पाणी, वाळू यांचा पहिला मान त्याचा. दांड्यांच्या ब्रेकची जुनी सायकल भारतांत ज्यांनीं पावसाळ्यांत चालविली आहे, त्यांना ओल्या रिमचा अनुभव निराळा सांगावयास नको. डोंगरांत त्यावर चिखलाची भर पडते. गुटका व रिम यांच्यामध्यें अडकलेली वाळू पॉलिश-कागदासारखी रिम खात जाते, आणि झिजलेली रिम एखाद्या दिवशीं टायरांतील हवेच्या दाबानेंच उकलते. दगडावर आपटून चाक किंचित् वांकलें कीं ब्रेक घांसूं लागतो. लांब उतारावर रिम तापून ट्यूब फुटण्याचाहि संभव असतो. सारांश, ज्या भागावर रस्त्याचे सगळे धक्के येतात त्यालाच थांबविण्याचेंहि काम सांगणें ही मुळांतच गैरसोयीची वांटणी होती.

यावर जो उपाय शेवटीं आला त्याचे दोन्ही अर्धे सायकलीच्या बाहेर, निरनिराळ्या काळीं व निरनिराळ्या देशांत तयार झालेले होते. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो हा सिद्धान्त फ्रेंच पंडित पास्काल याचा. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं छापला गेला. त्या सिद्धान्तावर चालणारें दाबयंत्र इंग्लंडांतील जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं पेटंट केलें. ब्रामा हा मूळचा कुलपें बनविणारा कारागीर. त्याच्या यंत्रांत पाणी दट्ट्याच्या कडेनें गळत असे. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले यानें चामड्याचें असें कडें बसविलें, कीं पाण्याचा दाब जितका वाढे तितकें तें दट्ट्याला अधिक घट्ट बिलगे. सिद्धान्त पास्कालचा खरा. पण त्याला कामास लावलें तें त्या चामड्यानें. पुढील सर्व इतिहासांतहि तेलाच्या ब्रेकचें यश आणि अपयश अशा एखाद्या लहानशा कड्यावरच अवलंबून राहिलेलें दिसतें.

दुसरा अर्धा म्हणजे चकती. बर्मिंगहॅम येथील मोटारीचा निर्माता फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालीं चकतीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला दोन बाजूंनीं चावणारे गुटके, अशी ती रचना. कल्पना उत्तम, परंतु त्या काळीं योग्य पदार्थ हातीं नसल्यामुळें गुटके तांब्याचे करावे लागले. धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजत, आणि त्यांची किंकाळी कोणास सोसवत नसे. यामुळें चकती जवळजवळ पन्नास वर्षें मागें पडली. दरम्यान अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यानें मोटारीच्या चारहि चाकांना तेलाच्या दाबानें लागणारा ब्रेक तयार केला. १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीवर तो प्रथम विक्रीस आला. लॉकहीड हें नांव पुढें विमानांच्या कारखान्यामुळें जगभर झालें. तो कारखाना याच माल्कमच्या भावानें काढलेला. चकती आणि तेल यांची जोडी गाजली ती १९५३ सालीं, फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या मोटार-शर्यतींत. डनलॉपच्या चकतीचे ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीनें ती शर्यत ताशीं १०० मैलांहून अधिक सरासरी वेगानें जिंकली. प्रतिस्पर्ध्यांचे ब्रेक तापून मंद होत असतांना जॅग्वारचे स्वार वळणाच्या अगदीं तोंडाशीं जाऊन ब्रेक लावूं शकत होते. १९६९ सालीं होंडाच्या मोठ्या मोटारसायकलीवर ही जोडी आली. सायकल उरली होती.

सायकलीवर प्रथम तेल आलें, चकती मागाहून. जर्मनीच्या दक्षिण भागांतील बाड उराख येथील मागुरा या जुन्या कारखान्यानें १९८७ सालीं तेलाच्या दाबानें रिमवर लागणारा ब्रेक काढला. १९८९ सालीं इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांतील बार्नोल्ड्सविक गांवीं इयन वेदरिल व सायमन शार्प या दोघांनीं होप नांवाचा कारखाना सुरू केला. दोघेहि विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यांत हत्यारें बनविण्याचें काम केलेले. इंग्लंडांतील चिखलांत रिमवरचे ब्रेक चालत नाहींत या अनुभवानें ते चकतीकडे वळले. त्यांची पहिली चकती तारेनें ओढली जाणारी होती. तेल तिच्यांत नंतर आलें. १९९० सालीं कोलोरॅडोंतील ड्युरँगो येथें डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि उतारावरील शर्यतींचा वेग वाढत गेला. पुढील चाक धरणाऱ्या चिमट्यांत याच सुमारास स्प्रिंगा आल्या. चिमटा जाडजूड झाला, आणि चकतीचा ब्रेक पेलण्याइतकी ताकद त्यांत आली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ती जोडी महागड्या डोंगरी सायकलींवर नेहमींची झाली. आरंभीं प्रत्येक कारखान्याच्या चकतीचे स्क्रू निराळे. पुढें सहा स्क्रूंचें एक माप रूढ झालें, आणि तेव्हांपासून सुटा भाग शोधण्याची पायपीट बरीच कमी झाली.

या ब्रेकची रचना समजण्यास अवघड नाहीं. हँडलावरील तरफ ओढली कीं तिच्यामागच्या नळकांड्यांतील बारीक दट्ट्या तेल पुढें ढकलतो. तेल दाबानें आकुंचन पावत नाहींसें म्हटलें तरी चालेल. म्हणून तो दाब नळींतून चाकाजवळच्या कॅलिपरमध्यें पोंचतो. तेथील दट्टे अधिक रुंद असल्यामुळें जोर वाढतो आणि गुटके चकतीस दोन्ही अंगांनीं आवळतात. चकतीचा व्यास बहुधा १६०, १८० किंवा २०३ मिलिमीटर. जाडी नवी असतांनाहि दोन मिलिमीटरांच्या आंतच. यांतील खरी करामत दट्ट्याभोंवतींच्या चौकोनी छेदाच्या रबरी कड्यांत आहे. दट्ट्या पुढें सरकतांना तें कडें किंचित् पिळवटतें. तरफ सोडली कीं मूळ आकारास येतां येतां दट्ट्यालाहि केसभर मागें घेतें. गुटका झिजला तर दट्ट्या त्या कड्यांतून थोडा घसरून नव्या जागीं बसतो, आणि तरफेजवळच्या लहानशा टाकींतून तेवढें तेल खालीं येतें. गुटक्याची झीज अशी आपोआप भरून निघते.

कारागिरीच्या दृष्टीनें ही योजना अत्यंत सुबक आहे. परंतु तिच्यांतच या ब्रेकचा धोका लपलेला आहे. तारेच्या ब्रेकांत गुटका झिजला कीं तरफ सैल पडे आणि स्वारास ती सूचना मिळे. तेलाच्या ब्रेकांत गुटका पाठीच्या पत्र्यापर्यंत खाल्ला गेला तरी तरफ हाताला पहिल्यासारखीच ताठ लागते. म्हणून गुटके काढून डोळ्यांनीं पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. शिमानोच्या हिशेबानें घर्षणाचा थर अर्धा मिलिमीटर उरला कीं गुटका टाकावा, आणि १.८ मिलिमीटर जाडीची नवी चकती झिजून १.५ वर आली कीं तीहि टाकावी. हा एकतृतीयांश मिलिमीटराचाहि फरक नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. त्यासाठीं मापकच हवा.

आंतील द्रवावरूनहि कारखान्यांत दोन पंथ पडले. होपनें मोटारींत वापरतात तो ‘डॉट’ नांवाचा द्रव पत्करला. शिमानो व मागुरा यांनीं खनिज तेल. डॉटचा उत्कलनबिंदु मोठा असतो: त्याच्या चौथ्या प्रतीचा कोरडा द्रव २३० अंश सेल्सिअसच्या आंत उकळतां कामा नये असा नियम आहे. पण हा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो, शेंकडा ३.७ पाणी शिरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर उतरते. शिवाय सांडला तर सायकलीचा रंगहि खातो. खनिज तेल पाणी शोषीत नाहीं, ही त्याची सौम्य बाजू. पण आंत शिरलेलें थेंबभर पाणी तेलांत न मिसळतां तळाशीं, म्हणजे नेमकें तापणाऱ्या कॅलिपरमध्यें जाऊन बसतें आणि १०० अंशांवरच त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. म्हणून वाफ झाली कीं तरफ हँडलाला टेकते आणि सायकल चालत राहते. दोन्ही पंथांत कोणता श्रेष्ठ यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे: एकाच्या ब्रेकांत दुसऱ्याचा द्रव कधींहि घालूं नये. आंतील रबरी कडीं एका द्रवासाठीं बनविलेलीं असतात. दुसऱ्यांत तीं फुगतात अथवा सडतात, आणि तेंहि लगेच नव्हे, कांहीं दिवसांनीं.

आरंभीच्या कांहीं ब्रेकांना तेलाची टाकीच नव्हती. तेल सर्व बाजूंनीं कोंडलेलें. लांब उतारावर तें तापून फुगे आणि गुटके आपोआप चकतीस चिकटत. अशा वेळीं स्वारानें धावत्या सायकलीवर एक चक्री फिरवून तेलाला जागा करून द्यावयाची, अशी तजवीज असे. टाकी आल्यावर ही कटकट गेली आणि तिच्या जागीं दुसरी आली. टाकींत माथ्याशीं थोडी जरी हवा राहिली असली, तर सायकल उलटी करतांच ती हवा नळींत शिरते. पंक्चर काढणारा भारतीय कारागीर तर चाकाला हात लावण्यापूर्वींच सायकल सीट व हँडलावर उलटी उभी करतो! तारेच्या ब्रेकला त्याचें कांहीं वाटत नव्हतें. तेलाचा ब्रेक त्यानंतर लिबलिबीत लागतो. सायकल सरळ उभी करून तरफ सावकाश वीस-तीस वेळां दाबली तर हवेचा बुडबुडा बहुधा वर परततो. न परतल्यास हवा काढण्याचें काम यथासांग करावें लागतें. चाक काढलेलें असतांना तरफ दाबणें ही दुसरी नेहमींची चूक. मध्यें चकती नसल्यामुळें दट्टे पुढें येऊन एकमेकांस भिडतात, आणि मग चाक परत बसत नाहीं. म्हणून प्रवासांत गुटक्यांच्या मध्यें प्लॅस्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा खोंचून ठेवतात.

ब्रेक जुळविण्याचें काम मात्र या यंत्रानें बरेंच सोपें केलें. कॅलिपरचे दोन स्क्रू सैल करावे, तरफ घट्ट ओढून धरावी, म्हणजे कॅलिपर स्वतःच चकतीच्या मध्यावर येतो. तरफ न सोडतां स्क्रू आळीपाळीनें आवळावे. त्यानंतर चाक फिरवून कान द्यावा. एका ठराविक जागीं घांसत असेल तर चकती वांकलेली, सतत घांसत असेल तर कॅलिपर तिरपा. नव्या गुटक्यांचा जोर पहिल्याच दिवशीं येत नाहीं. मोकळ्या जागीं मध्यम वेगानें जाऊन, चाक न अडखळूं देतां, वीसेक वेळां वेग कमी करावा, म्हणजे गुटक्याच्या पदार्थाचा पातळ थर चकतीवर बसतो. या थराला तेलाचें भारी वावडें. साखळीला मारलेल्या तेलाचा फवारा, किंवा बोटांचें ओशटपणहि त्यास पुरतें. मग ब्रेक किंचाळतो आणि लागत नाहीं. चकती स्पिरिटानें पुसतां येते. तेल प्यालेला गुटका बहुधा टाकावाच लागतो. पुण्या-मुंबईच्या दुकानांत आज स्वस्त सायकलींनाहि चकत्या दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या मागें तेल नसून तारच असते. तिला हें हवेचें आणि द्रवाचें व्याकरण लागू नाहीं, गुटक्यांचें आणि चकतीचें मात्र आहे.

इतकी काळजी घेऊनहि नवें दुखणें निघालेंच. चकतीचा ब्रेक चिमट्याच्या टोकाशीं आंसाजवळ लागतो, आणि कॅलिपर चिमट्याच्या मागल्या अंगास असल्यामुळें जोरानें लागतांना आंसाला चिमट्याच्या खांचेंतून खालीं लोटतो. रिमवरच्या ब्रेकांत ही गोष्ट नव्हती. आंस हातानें फिरविण्याच्या झटपट कळीनें आवळलेला असेल आणि ती सैल राहिली असेल, तर चाक निसटण्याचा संभव उत्पन्न झाला. उपाय म्हणून चिमट्याच्या दोन्ही भोंकांतून आरपार जाणारा, १५ किंवा २० मिलिमीटर जाडीचा आंस आला आणि डोंगरी सायकलींत रूढ झाला. डिसेंबर २०१३ मध्यें एका अमेरिकन कारखान्यास रस्त्यावरील सायकलींसाठीं केलेले आपले तेलाचे ब्रेक परत मागवावे लागले. शून्याखालील थंडींत त्यांच्या तरफेजवळील सील दाब धरीनात. ब्रामाचें यंत्र ज्या ठिकाणीं गळत होतें, जवळजवळ त्याच ठिकाणीं हा दोष होता.

एप्रिल २०१५ मध्यें अमेरिकेंतील दुसऱ्या एका मोठ्या कारखान्यानें सुमारें दहा लाख सायकलींविषयीं असाच इशारा दिला. त्यांची झटपट कळ पूर्ण उघडी राहिली तर ती फिरत्या चकतींत अडकून पुढील चाक एकदम थांबे किंवा निखळे. एक स्वार अशा अपघातांत लुळा झालेला होता. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत फेअरफॅक्स गांवांत सायकलींचें एक संग्रहालय उघडलें. जो ब्रीझ हा त्याचा एक प्रमुख चालक. ज्या डोंगरी सायकलींच्या हबमधून १९७६ सालीं धूर निघत होता, तसल्या जुन्या जड सायकली तेथें पाहावयास मिळतात, आणि रिपॅकचा रस्ता तेथून फारसा लांब नाहीं.